तीन दिवसांत जुनं बँकॉक कसं बघावं?

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात आई-बाबांना घेऊन बँकॉकला जायचंय. दोघंही साठीच्या पुढचे, चालणारे आहेत, पण बाबांचे गुडघे कुरकुरतात. हातात पूर्ण तीन दिवस. मिळालेल्या कार्यक्रमात अर्ध्या दिवसाची ‘सिटी टूर’ आणि बाकी सगळी खरेदी. ‘आम्हाला तिथला इतिहास बघायचाय. काय बघावं, कोणत्या क्रमाने, आणि काय सोडलं तर चालेल?’

अठरा वर्षं मी मराठी मंडळींचे ग्रुप घेऊन बँकॉकला जाते आहे, त्यामुळे ही अडचण चांगलीच ओळखीची आहे. त्या अर्ध्या दिवसात बसमधून उतरून दोन देवळांत फोटो होतात आणि उरलेला वेळ रत्नांच्या दुकानात जातो. ती टूर घेऊ नका. जुनं बँकॉक तुमचं तुम्हाला उत्तम बघता येतं, कारण ते एका नदीच्या वळणात बसलंय आणि बहुतेक सगळं चालत किंवा लाँचने गाठता येतं. मी सुचवते तो क्रम असा: पहिला दिवस राजवाडा आणि नदीकाठ, दुसरा दिवस मोठ्या झोपाळ्यापासून सोनेरी टेकडीपर्यंतची जुनी वस्ती, आणि तिसऱ्या दिवशी शहराबाहेर अयुथया. अयुथया शेवटीच का, ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट आई-बाबांना विमानातच सांगून ठेवा, म्हणजे पुढचं सगळं एका माळेत ओवलं जाईल. सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, राजधानी चारशेहून अधिक वर्षं अयुथयाला होती. हे नाव म्हणजे आपली अयोध्याच. १७६७ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशाच्या फौजांनी ती जाळून लुटली. ताकसिन नावाच्या सेनानीने विखुरलेली माणसं गोळा करून चाओ फ्राया नदीच्या पश्चिम काठावर, थोनबुरीला, राजधानी थाटली. १७८२ मध्ये त्याच्या जागी चक्री घराण्याचा पहिला राजा आला. त्याला आज ‘पहिला राम’ म्हणतात, आणि त्याच्या पुढच्या राजांना दुसरा राम, तिसरा राम असं. त्याने राजधानी पूर्व काठावर हलवली आणि २१ एप्रिल १७८२ ला नगरस्तंभ रोवला. त्याला नवं शहर नको होतं, गेलेली अयुथया परत हवी होती. म्हणून तिच्यासारखंच कालवे खणून शहराचं बेट केलं, राजवाड्याची मांडणी तशीच ठेवली. तटबंदीसाठी जळक्या अयुथयाच्या विटासुद्धा होड्यांतून खाली आणल्या. जुन्या बँकॉकमध्ये जे जे बघाल, त्यामागे ही हरवलेली नगरी आहे.

शहराचं खरं नावही एकदा मोठ्याने म्हणून बघा. थाई लोक बँकॉक म्हणतच नाहीत, ‘क्रुंग थेप’ म्हणतात. थेप म्हणजे देव, देवांची नगरी. पूर्ण नाव बरंच लांब आहे, पण मराठी कानाला त्यातले शब्द भराभर लागतात: महानखोन म्हणजे महानगर, अमोन म्हणजे अमर, महिन्थर म्हणजे महेंद्र, मग अयुथया, नोप्फरत म्हणजे नवरत्न, आणि शेवटी शक्राने, म्हणजे इंद्राने, दिलेली, विश्वकर्म्याने उभारलेली. रोज दिसणारा ‘वात’ हा देवळासाठीचा शब्द संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, यावरून आलाय. आपला वाडाही त्याच घरातला. हे ऐकू यायला लागलं की शहर परकं वाटत नाही. युरोपातून आलेल्या प्रवाशाला हे सुख नाही.

पहिला दिवस. राजवाडा साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकीट बंद होतं. तुम्ही सव्वाआठला दारात असा. दहानंतर बसेस ओतल्या जातात आणि उन्हाने फरशी तापते. परदेशी माणसाला तिकीट ५०० बाथ आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बर्म्युडा किंवा बिनबाह्यांचा कुर्ता चालणार नाही, साडी आणि सलवार-कमीज अगदी योग्य. राजघराण्याचे विधी असतील त्या दिवशी काही भाग बंद असतो, म्हणून आदल्या रात्री राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. ही खबरदारी आणखी एका कारणासाठी. दाराजवळ कुणीतरी नीटनेटका माणूस अदबीने सांगेल, ‘आज पूजा आहे, राजवाडा दुपारी उघडेल, तोवर मी स्वस्तात दुसरी देवळं दाखवतो.’ त्याच्या टुकटुकचा शेवट शिंप्याच्या किंवा रत्नांच्या दुकानात होतो. माझ्या पहिल्या काही फेऱ्यांत ग्रुपमधलं एक जोडपं असंच गेलं आणि चार तासांनी रडवेलं परत आलं. हसून मान हलवा आणि सरळ मुख्य दारापर्यंत चालत जा.

आत शिरल्यावर सगळे धावतात पाचूच्या बुद्धाकडे, म्हणजे वात फ्रा केओच्या मुख्य सभागृहात. तुम्हीही जा. मूर्ती जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच, हिरव्या दगडात कोरलेली. पाचूचं नाव रंगामुळे पडलंय. उंच सिंहासनावर ती इतकी वर आहे की डोळे स्थिरावायला वेळ लागतो. १७७९ मध्ये पुढे पहिला राम झालेल्या सेनापतीनेच ती लाओसच्या व्हिएन्टियानहून आणली. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत आणि ते राजा स्वतः बदलतो. विठोबाच्या पोशाखाचं ज्यांना अप्रूप आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आत फोटो काढायचा नाही, आणि बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. मांडी घाला किंवा पाय मागे दुमडा.

पण माझं खरं सांगणं पुढे आहे. या देवळाच्या आवाराला चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवर १७८ चित्रांत संपूर्ण रामकिएन, म्हणजे थाई रामायण, रंगवलंय. बहुतेक प्रवासी त्याला पाठ लावून फोटो काढतात. तुम्ही इथे निदान दीड तास ठेवा. ओवरीत सावली असते, बाबांना मध्ये टेकताही येईल. कथा उत्तरेच्या बाजूला, विहान योत या इमारतीसमोर सुरू होते. जनकाला जमिनीत सीता सापडते, ते पहिलं चित्र. तिथून डावा हात भिंतीकडे ठेवून प्रदक्षिणेच्या दिशेने चालायचं. ओळखायच्या खुणा थोड्याच: राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, मारुती पांढराशुभ्र. रावणही हिरवाच, पण त्याचा चेहरा राक्षसाचा. त्याला ‘थोतसकन’, म्हणजे दशकंठ म्हणतात. चित्रं अनेकदा नव्याने रंगवली गेली आहेत, म्हणून सोनं अजून झळाळतं. मोठ्या युद्धाखाली कोपऱ्यात कुणी स्वयंपाक करतंय, पोरं खेळतायत, असे तुकडे शोधण्यात वेळ कसा गेला कळत नाही.

एका ग्रुपमध्ये कोल्हापूरकडच्या सत्तरीच्या एक आजी होत्या. सगळे पुढे गेले आणि त्या एका चित्रासमोर थबकल्या. एक प्रचंड पांढरा वानर, तोंड वासलेलं, आणि त्या तोंडात अख्खा मंडप. मला हाक मारून म्हणाल्या, ‘अगं, हा तर महिरावण! म्हणजे महिरावणाची रात्र!’ त्यांचं बरोबर होतं. मैयरप, आपला महिरावण, रामाला पळवायला येणार हे कळल्यावर मारुती अंग वाढवून रामाचा मंडपच तोंडात धरून बसतो. तरी मैयरप गुंगीची पूड फुंकून रामाला पाताळात नेतोच. पुढे पाताळाच्या वाटेवर मारुतीला अडवणारा जो माशाच्या शेपटीचा वानर आहे, तो मच्छानू, त्याचा स्वतःचा मुलगा. आजींनी लगेच ‘मकरध्वज’ म्हटलं. फरक असा की आपल्याकडे तो घामाच्या थेंबातून जन्मतो, आणि तिकडे त्याची आई सुवर्णमच्छा ही रावणाची मत्स्यकन्या. सेतू मोडायला आलेली ती मारुतीच्या प्रेमात पडते. ब्रह्मचारी मारुतीचं हे रूप ऐकून आमच्या मंडळींत दर वेळी जोरदार चर्चा होते, आणि होऊ द्यावी. एकच कथा दोन देशांनी आपापल्या परीने जपली, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि भिंतीसमोर उभं राहून वाद घालत समजणं वेगळं.

याच आवारात अंगकोर वाटची दगडी प्रतिकृती आहे, ती चौथ्या रामाच्या हुकमाने सुरू झाली. बाहेर पडताना चक्री महाप्रासाद लागतो: १८८२ ची इमारत, अंग युरोपी आणि डोक्यावर थाई शिखरं. पाच मिनिटं पुरे.

राजवाड्यापासून दक्षिणेला दहा मिनिटांवर वात फो. इथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. मी लोकांना तळपायांपाशी थांबवते. काळ्या पृष्ठावर शिंपल्याच्या तुकड्यांनी १०८ मंगलचिन्हं जडवली आहेत, ती वाकून एकेक बघा. मूर्तीच्या पाठीमागे १०८ पितळी वाडगी ओळीने ठेवली आहेत. दारापाशी थोडे पैसे देऊन नाण्यांची वाटी मिळते आणि प्रत्येक वाडग्यात एक नाणं टाकत पुढे जायचं. त्या लांब दालनात सतत बारीक टणत्कार चालू असतो. आईंना हे नक्की करायला सांगा.

मग गर्दी सोडून आवारात फिरा. तिसऱ्या रामाने १८३० च्या दशकात इथे वैद्यक, काव्य, इतिहास अशा विषयांचे शिलालेख भिंतींत बसवले, ज्याला वाचता येईल त्याने फुकट शिकावं म्हणून. हे लेख युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहेत. अंग ताणणाऱ्या ऋषींच्या छोट्या मूर्ती दिसतील. त्यांना ‘रुसी’च म्हणतात. थाई मालिशची परंपरा बुद्धाच्या काळातल्या मगधच्या जीवक वैद्याला आद्यगुरू मानते. इथल्या शाळेच्या मंडपात मालिश करून मिळतं. बाबांच्या गुडघ्यांसाठी ही जागा योग्य, फक्त दुखणं आधी सांगा.

आणि चार मोठ्या स्तूपांपैकी हिरव्या कौलांचा शोधा. त्याच्या पोटात अयुथयाच्या राजवाड्यातल्या श्री सन्फेत बुद्धाचे अवशेष आहेत. १६ मीटर उंच उभी मूर्ती, अंगावर सोन्याचा पत्रा. ब्रह्मी सैन्याने सोन्यासाठी तिला आग लावली. उरलेला भग्न सांगाडा पहिल्या रामाने इथे आणला, आणि दुरुस्त होणार नाही म्हटल्यावर त्याच्याभोवती हा स्तूप बांधला. फलक छोटा आहे, लोक न बघता पुढे जातात. हा स्तूप लक्षात ठेवा.

चारच्या सुमारास था तिएन धक्क्यावरून तरीत बसून पलीकडे वात अरुण. तर म्हणजे नदी ओलांडणारी छोटी लाँच, भाडं अगदी किरकोळ. मुख्य शिखर सुमारे ८० मीटर उंच, दुसऱ्या रामाने सुरू केलेलं आणि तिसऱ्याने पुरं केलेलं. लांबून ते दगडी वाटतं. जवळ गेल्यावर कळतं की सगळी नक्षी चिनी बशा-वाडग्यांच्या तुकड्यांची आहे. एका फुलाची पाकळी नीट बघा, ती कुठल्याशा बशीची काठ असते, निळी वेलबुट्टी अजून शाबूत. अशी भांडी चिनी जहाजांतून वजनासाठी भरून येत. वरच्या कोनाड्यांत ऐरावतावरचा इंद्र आहे. पायऱ्या फार उभ्या आहेत, आई-बाबांनी खालच्या ओट्यावरच थांबावं, तिथून काहीही कमी दिसत नाही. सूर्यास्ताला परत अलीकडच्या काठावर या. अरुणाचं देऊळ संध्याकाळीच जास्त सुंदर दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने साम योत स्थानकावर उतरा आणि मोठ्या झोपाळ्यापर्यंत चालत जा. दोन प्रचंड लाल खांब, वर नक्षीदार आडवं लाकूड, आणि झोपाळा मात्र नाही. पहिल्या रामाने १७८४ मध्ये तो उभारला. शिव पृथ्वीवर येतो त्या उत्सवात माणसं यावर उंच झोके घेत आणि टांगलेली नाण्यांची थैली दातांनी पकडत. अपघात होत. १९३५ नंतर झोके बंद झाले. आताचे खांब २००७ मध्ये नव्या सागवानातून उभे केले. हा विधी करणारे राजदरबारचे ब्राह्मण अजून आहेत आणि त्यांचं देवस्थान शेजारीच आहे: पांढऱ्या साध्या तीन वास्तू, शिव, गणेश आणि विष्णूच्या. बौद्ध राजाचा राज्याभिषेक आजही या ब्राह्मणांशिवाय होत नाही. कोपऱ्यावरचं हे छोटं आवार बहुतेक टूर बसेस बघतही नाहीत.

समोरच्या वात सुथातला शांतपणे अर्धा तास बसा. सुथात म्हणजे सुदर्शन, इंद्राचं नगर. आतला आठ मीटर उंचीचा श्री शाक्यमुनी सुखोथाई या आणखी जुन्या राजधानीतून आणलाय. राजवाड्यातली धावपळ इथे नाही. स्थानिक बायका कमळाच्या कळ्या घेऊन येतात आणि पुटपुटत बसतात. नीट ऐकलं तर शब्द ओळखीचे: ‘नमो तस्स फखवतो अरहतो…’ नागपूर, संभाजीनगरकडची बौद्ध मंडळी ग्रुपमध्ये असली की इथे त्यांचे हात आपोआप जुळतात. उच्चार वेगळा, वंदना तीच. एकदा आमच्यातल्या एका काकांनी हळू आवाजात पुढची ओळ धरली, तर शेजारच्या थाई बाईंनी सरकून त्यांना सतरंजीवर जागा करून दिली.

दुपारच्या जेवणाला फाहुरत या भारतीय कापडबाजाराकडे वळा, तिथे शाकाहारी थाळी मिळते. इतरत्र भाजीतसुद्धा माशाचं पाणी, ‘नाम प्ला’, असतं. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘१७’ च्या इंग्रजी आकड्यासारखं काही लिहिलेलं दिसलं तर तो ‘जे’ हा शब्द आहे: मांस, मासे, अंडं, कांदा-लसूण काहीच नाही.

ऊन उतरल्यावर लोह प्रासाद: धातूच्या ३७ शिखरांची इमारत, १८४६ मध्ये सुरू झालेली. श्रावस्ती आणि श्रीलंकेतल्या अशाच प्राचीन प्रासादांच्या आठवणीवर बेतलेली, आणि त्या प्रकारातली आज उभी असलेली एकटीच. तिथून रस्त्यापलीकडे वात साकेतची सोनेरी टेकडी. साकेत ऐकून आपल्याला अयोध्या आठवते, पण इथे अर्थ केस धुण्याचा आहे. ‘सा’ म्हणजे धुणं, ‘केत’ म्हणजे केश. पहिल्या रामाने मोहिमेवरून परतताना इथे विधीपूर्वक डोक्यावरून स्नान केलं, त्यावरून हे नाव. पायऱ्या तीनशेच्या वर आहेत, पण रुंद आणि बुटक्या, टेकडीला वळसा घालत जाणाऱ्या, वाटेत घंटा आणि झाडं. बाबा सावकाश चढू शकतील. माथ्यावरच्या स्तूपात बुद्धाचे अस्थिधातू आहेत, आणि ते उत्तर प्रदेशात, नेपाळ सीमेजवळच्या पिप्रहवा इथे १८९८ मध्ये उत्खननात मिळाले. इंग्रज सरकारने ते पाचव्या रामाला दिले. वरून सगळं जुनं शहर पायाशी दिसतं, आदल्या दिवशीचा राजवाडाही.

मध्ये वेळ निघाला तर चायनाटाउनच्या तोंडाशी वात त्रायमित बघा, अर्ध्या तासाचं काम. साडेपाच टनांची सोन्याची मूर्ती शतकानुशतकं चुन्याच्या गिलाव्यात लपलेली होती. १९५५ मध्ये हलवताना पडली, गिलावा तडकला आणि आतलं सोनं दिसलं. राष्ट्रीय संग्रहालय उत्तम आहे, पण सोमवार-मंगळवार बंद असतं. जिम थॉम्प्सन या अमेरिकी रेशीम व्यापाऱ्याचं सागवानी घर छान आहे, रेशमाची आवड असेल तरच. इरावण चौकातल्या ब्रह्मदेवाला झेंडूचे हार वाहिलेले बघून आनंद होईल, पण तो १९५६ चा आहे, जाता-येता दिसला तर बघा. शहराबाहेरचा तरंगता बाजार या तीन दिवसांत नकोच, अर्धा दिवस गाडीत जातो.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेने अयुथया, साधारण ८० किलोमीटर. गाड्या वेगवेगळ्या स्थानकांवरून सुटतात, म्हणून हॉटेलमध्ये आदल्या दिवशी विचारा. साध्या डब्याचं भाडं नगण्य आहे, खिडकीतून भातखाचरं दिसतात. तिथे उतरल्यावर दिवसभरासाठी टुकटुक ठरवा, भाव आधी पक्का करा, आणि मोजकीच ठिकाणं करा. झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक वात महाथातला आहे. फोटो काढताना आपलं डोकं त्याच्यापेक्षा खाली ठेवतात, म्हणून उकिडवं बसा.

मी पूर्वी ग्रुपला आधी अयुथया दाखवायचे, काळाच्या क्रमाने. लोक कंटाळायचे, ‘नुसत्या पडक्या विटा’ म्हणायचे. क्रम उलटा केल्यापासून तसं कुणी म्हणालं नाही. शेवटी वात फ्रा श्री सन्फेतला या. हे राजवाड्याच्या आवारातलं देऊळ, इथे भिक्षू राहत नसत. बँकॉकचं वात फ्रा केओ यावरूनच बेतलं, तिथेही भिक्षू राहत नाहीत. तीन करडे स्तूप एका ओळीत उभे आहेत, छपरं गेली आहेत, खांबांचे बुंधे तेवढे उरलेत. सोन्याचा तो उभा बुद्ध इथल्याच विहारात होता. आई-बाबांना त्या मोकळ्या जोत्यासमोर उभं करा आणि वात फोमधला हिरवा स्तूप आठवून द्या.